मापाचा ब्लाउज

उषा पोतनीस उज्जैनच्या टावर चौकात साडी घ्यायला आली की दुकानदाराला फारसं बोलावं लागत नसे. बारीक काठाची महेश्वरी, रंग राखाडी नाही तर ताकासारखा, फार झालं तर ओल्या मातीचा. यापलीकडचं काही उलगडलंच तर ती म्हणायची, "हे राहू द्या भैया, नातीला दाखवा." दुकानदारही गंमत म्हणून दर वेळी एखादी भडक साडी समोर टाकायचा आणि तिच्या तोंडून हे वाक्य ऐकून खूश व्हायचा.

माधव नगरातल्या मराठी मंडळींत तिची ख्यातीच होती. तिच्या डोळ्यांदेखत किती फॅशनी आल्या नि गेल्या. बाह्या दंडावर चढल्या, पार नाहीशा झाल्या, जाळीच्या होऊन परत आल्या. पाठी उघड्या पडल्या, त्यांना दोऱ्या लागल्या, दोऱ्यांना घुंगरू लागले. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका एकमेकींचं बघून शिवायच्या आणि पुढच्या संक्रांतीला तेच ब्लाउज उसवत बसायच्या. उषाचा ब्लाउज मात्र तोच. कोपरापर्यंत बाही, बंद गळा आणि उजव्या खांद्यावर, गळ्यापासून बाहीपर्यंत, कापडानं मढवलेली छोटी बटणं. अशी बटणं गावात दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर नव्हती. त्यात भर तिच्या लकबीची. बोलता बोलता ती पदर मागून उजव्या खांद्यावर ओढून घ्यायची आणि गळ्याशी दोन बोटांत धरून ठेवायची. मंडळाच्या कार्यक्रमात ती तशी उभी राहिली की नव्या सुना एकमेकींना ढोसत म्हणत, "पोतनीस काकूंची स्वतःची स्टाईल आहे." म्हणायला काय जातं.

हे कानावर आलं की उषा घाईनं विषय बदलायची. कारण तो ब्लाउज तिचा नव्हता. म्हणजे कापड तिचं, शिलाई तिनं मोजलेली, घालायचीही तीच. पण माप सुलूचं. सुलू म्हणजे यज्ञेश्वररावांची पहिली बायको. ती गेली, तिच्यामागे लहानगा मंदार राहिला, आणि वर्षाच्या आत त्याला आई हवी म्हणून देवासच्या उषाला या घरात आणलं गेलं.

दुसरेपणाचं लग्न, त्यात हौस कसली, असं सासूबाईंचं म्हणणं. तरी रीत म्हणून मुलाकडून येणाऱ्या साड्यांवर ब्लाउज शिवलेले असत, आणि त्यासाठी मुलीकडून मापाचा ब्लाउज मागवला जाई. उषानं आपला सगळ्यात लाडका पाठवला. पोपटी रंगाचा, फुग्याच्या बाह्यांचा. कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी तिनं स्वतः शिवला होता. तो घातला की आपण कुणीतरी आहोत असं तिला वाटायचं. तो ब्लाउज देवासहून उज्जैनला गेला आणि पुन्हा कधी कुणाला दिसला नाही.

साड्यांबरोबर आले ते कोपरापर्यंत बाह्यांचे, खांद्यावर बटणांचे, आणि तिला ढगळ. उजवीकडून सारखे घसरायचे. नवी नवरी, बोलणार कुणाशी. होळी झाल्यावर तिनं धीर करून शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, "बहूजी, माताजी ने जो नाप का भेजा, वही सिया." मग तिनं सासूबाईंना विचारलं.

"सुलूचा होता," तांदूळ निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या. "बाकीचे देऊन टाकले, हा तेवढा राहिलेला. कापड चांगलं होतं, म्हटलं मापाला होईल. तुझं ते फुग्यांचं घालतं का कुणी आपल्यात?"

उषाच्या अंगावर काटा आला. मेलेल्या बाईच्या मापात आपण महिनोन्‌महिने हिंडतोय. सगळे ब्लाउज खांद्यात आत घ्यायला टाकायचे असं तिनं ठरवलंसुद्धा. पण त्यानंतर जे घडलं त्यानं तिचं ते ठरवणं कायमचं मागे पडलं.

तोवर यज्ञेश्वररावांनी तिच्याकडे नीट पाहिलेलं नव्हतं. भला माणूस, बँकेतून वेळेवर घरी येणारा, जेवताना मान खाली घालून जेवणारा. उन्हाळ्याला नुकती सुरुवात झाली होती. उषानं त्या ब्लाउजांतला राखाडी तेवढा आजवर तसाच घडीत ठेवला होता. दुसरे धुवायला पडले म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा तो घातला. यज्ञेश्वरराव दारातून आत आले आणि थबकले. हातातली पिशवी त्यांनी हळूच भिंतीशी ठेवली, जवळ आले, तिच्या दंडाला नुसता हात लावला आणि विचारलं, "थंडी तर नाही न वाजत तुला?"

बाहेर ऊन मी म्हणत होतं. उषाच्या पाठीवरून घामाची धार चालली होती. तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, तिथं इतकी माया होती की तिच्यानं खरं बोलवेना. ती म्हणाली, "थोडीशी."

त्यांनी खिडकी लावली. शाल आणून तिच्या पायांवर घातली. पाण्याचा पेला स्वतः तिच्या तोंडाशी धरला. उषा उकाड्यानं नुसती उबून गेली, पण उठली नाही. असं तिच्याशी आजवर कुणीही वागलं नव्हतं, आईसुद्धा नाही.

ती काही मूर्ख नव्हती. ही माया आपल्या अंगावरून पलीकडे कुणाकडे तरी जाते आहे, हे तिला त्याच दिवशी कळलं. पण जाता जाता ती आपल्याला लागते आहे ना, मग लागू दे. खांदे आत घ्यायचं राहिलं ते राहिलंच. तो राखाडी विरला तेव्हा त्याच्यावरून दुसरा शिवला, दुसरा विटला तेव्हा तिसरा. शिंपी म्हातारा होऊन गेला, त्याचा पुतण्या मशीनवर बसला, माप मात्र ब्लाउजातून ब्लाउजात चालत राहिलं. आणि यज्ञेश्वरराव मधूनच विचारत राहिले, थंडी तर नाही न वाजत. चैत्रात, वैशाखात, कधीही. उषाचं उत्तर ठरलेलं. थोडीशी.

दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक असतो. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली इवलीशी बाई, नाकडोळे नसल्यातच जमा. नवी साडी आधी तिला दाखवायची, हळदकुंकू वाहायचं, मग आपण नेसायची. उषा हे सगळं मनापासून करायची. साडी टाकापुढे धरून मनात विचारायची, आवडली न तुला? सुलूचा धड फोटोही घरात नव्हता. एक लग्नाचा होता, त्यात मुंडावळ्यांमागे चेहरा हरवलेला. मग उषानं त्या ब्लाउजावरूनच सुलू मनात रचली. एवढा बंद गळा, म्हणजे मर्यादशील. एवढी लांब बाही, म्हणजे साधी. असा राखाडी रंग, म्हणजे शांत, हळू बोलणारी. आणि मनातल्या त्या बाईला शोभेल तशी उषा हळूहळू स्वतः होत गेली. देवासला तिचं हसणं कोपऱ्यावरच्या घरापर्यंत ऐकू जायचं. उज्जैनीत ते कुणी ऐकलं नाही.

भीती वाटायची ती फक्त गच्चीवर. दोरीवर वाळत घातलेला ब्लाउज वाऱ्यानं भरला की त्याचे खांदे रुंद व्हायचे, आणि आत कुणीतरी पाठ करून उभं आहे असं दिसायचं. उषा वाळले-न-वाळलेले कपडे ओढून खाली यायची.

यज्ञेश्वरराव गेले. टाक गळ्यातून निघून देवघरात आला. आता तरी मनासारखं शिवावं म्हणून उषा शिंप्याकडे गेली. पुतण्यानं विचारलं, "आंटी, अब की बार कैसा?" उषा उभी राहिली. काहीच सुचेना. बऱ्याच वेळानं तिनं पिशवीतून जुनाच ब्लाउज काढून पुढे केला. त्या दिवशी घरी येताना ती ऑटोत रडली. ऑटोवाल्यानं आरशात पाहिलं आणि गाणं बंद केलं.

मंदारची मुलगी निहारिका इंदूरला फॅशनचं शिकली. आजीवर तिचा भारी जीव. ही आपली सख्खी आजी नाही, हे तिला माहीत होतं, पण त्यानं तिला काही फरक पडत नव्हता. एके दिवशी उषा भाजीवाल्याशी घासाघीस करत असताना तिनं फोनवर तिचं चित्रण केलं आणि टाकलं जगापुढे. पदर ओढला, दोन बोटांत धरला, "भैया, कल तो इससे सस्ती थी," एवढंच. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. महिन्याभरात टावर चौकात कुल्फी खाणाऱ्या पोरींच्या उजव्या खांद्यावर बटणं दिसू लागली. त्या पदर ओढून फोटो काढायच्या. फ्रीगंजातल्या एका शिंप्यानं पाटीच लावली, यहाँ आजी कट ब्लाउज सिले जाते हैं.

जिला फॅशनीनं कधी हात लावला नाही, तिचीच फॅशन झाली. लोकांना कौतुक, उषाला दरदरून घाम. सुलू आता रस्त्यारस्त्यांतून हिंडत होती.

निहारिकानं माधव नगरात छोटं दुकान घेतलं. अक्षय तृतीयेला उद्घाटन, सगळा माल आजी कटाचा, आणि फीत कापायला खुद्द आजी. तयारी चालू होती तेव्हा ती टेप गळ्यात घालून उषाच्या खोलीत आली.

"आजी, तुझा एक ब्लाउज दे न. ओरिजिनलवरून एकदा ताडून बघते."

तिनं ब्लाउज मोजला. मग उषाच्या पाठीला टेप लावली, आणि पुन्हा ब्लाउजाला. "अरे, हा तर तुझ्या मापाचा नाहीच. खांद्यात केवढा मोठा आहे. कुणाचा आहे हा?"

"शिंप्याचं काम," उषा म्हणाली. "सवय झाली मला."

"थांब, मी घालून बघते."

पोरगी आत गेली आणि तो ब्लाउज घालून, उषाचीच ताकाच्या रंगाची साडी नेसून आरशासमोर येऊन उभी राहिली. उषाच्या हातातली कपड्याची घडी तशीच राहिली. ब्लाउज निहारिकाला चपखल बसला होता. कुठं चुणी नाही, कुठं ढिला नाही, खांद्यावरची बटणं ओळीनं बसलेली. इतकी वर्षं गच्चीवर पाठमोरी दिसणारी ती आज खोलीत आली होती. रुंद खांदे, ताठ मान. रक्ताचं माप होतं ते. सुलूचा ब्लाउज सुलूच्या नातीला बसणार नाही तर कुणाला बसणार.

निहारिकानं आरशात बघून पदर ओढला, सोडला, पुन्हा ओढला. "तुझ्यासारखं येत नाही यार. खोटं वाटतं. तू कशी करते, आजी?"

"काढ ते," उषा म्हणाली.

"काय?"

"काढ ते अंगावरून. आत्ताच्या आत्ता काढ."

निहारिकानं तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. ती आत गेली.

उषा पलंगाच्या कडेला बसून राहिली. मरणाची भीती असती तर तिनं ती हसण्यावारी नेली असती, पण ही भीती वेगळी होती. नवरा सुलूचा होता, तो तिच्याकडे गेला. मुलगा सुलूचा. नात सुलूची, हाडामासासकट. सगळं गाव जिला उषा पोतनीसची स्टाईल म्हणतं ती सुलूची. हे सगळं ज्याचं त्याला परत करून टाकलं तर आपल्यापाशी आपलं म्हणून काय उरतं? तिनं खूप शोधलं. पोपटी ब्लाउजाशिवाय काही हाताला लागेना, आणि तोही हरवलेला.

त्यातच ग्वाल्हेरहून फोन आला. सुलूची धाकटी बहीण चारुलता. बहीण जाऊन वर्ष व्हायच्या आत मेहुण्यानं लग्न केलं म्हणून तिनं या घराशी संबंध तोडला होता. तिनं कुठंतरी तो व्हिडिओ पाहिला होता आणि तिला मंदारला, त्याच्या लेकीला भेटायला यायचं होतं. मंदारला आनंद झाला. उषाला कळून चुकलं की ही बाई ब्लाउज ओळखून येते आहे. उद्घाटनात, चार लोकांत बोलेल. बोलू दे, तिनं मनाशी म्हटलं. ओझं वाहून मान दुखायला लागली होती.

चारुलता उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी आली. सत्तरीची, अंगानं दांडगी, केस कापलेले, आणि या वयात बिनबाह्यांचा गुलाबी ब्लाउज. उषानं तिच्या उघड्या दंडांकडे पाहिलं आणि नजर वळवली. चहा झाल्यावर चारुलता म्हणाली, "मंदार, आम्हाला जरा बसू दे न बाळा," आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

"हे बटणं," उषाच्या खांद्याकडे बोट करून ती म्हणाली. "हे मी लावलेले आहेत. मतलब, पहिल्या ब्लाउजाला. तुझ्याकडे कसे आले?"

उषानं सगळं सांगितलं. सासूबाई, माप, शिंपी. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "चारूताई, मी त्यांची स्टाईल चोरली. मला माफ करा. इतके वर्षं लोक मला नावाजतात आणि ते सगळं त्यांचं आहे."

चारुलता म्हणाली, "सुलूची स्टाईल? हे? अगं, सुलूला राखाडी रंग डोळ्यांसमोर नको असायचा. कुठली नवी फॅशन निघाली की आधी सुलूच्या अंगावर. बिनबाह्यांचा घालून टावर चौकात कुल्फी खायला जायची, सासूबाई बोलून बोलून थकल्या. हसायची तर गल्ली गोळा व्हायची." ती थांबली. "हा तिचा आजारपणातला ब्लाउज आहे, उषा. मूत्रपिंडं गेली होती तिची. उजवा हात सुया टोचून टोचून इतका सुजलेला की वर व्हायचा नाही. निजल्या निजल्या घालता यावा म्हणून मी खांदा उघडा ठेवून बटणं लावली. दंडावरचे डाग झाकायला लांब बाह्या. थंडी भरायची म्हणून बंद गळा. आईच्या जुन्या मऊ साडीचं कापड होतं, म्हणून राखाडी. तिला बिलकुल आवडला नव्हता तो. म्हणाली, चारू, यात माझा फोटो काढू देऊ नको कुणाला."

उषानं आपल्या खांद्यावरची बटणं चाचपली.

"दोन शिवले होते मी," चारुलता म्हणाली. "एक तिच्याबरोबर गेला."

उषाला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायची तिला भीती वाटत होती. "त्यांना थंडी वाजायची?"

"सारखी. भर जेठात कुडकुडायची. भाऊजी बिचारे उशाशी बसून तेच तेच विचारायचे, थंडी तर नाही न वाजत तुला, थंडी तर नाही न वाजत."

उषा उठून खिडकीपाशी गेली. ज्या नजरेसाठी तिनं हसणं सोडलं, रंग सोडले, भर उन्हाळ्यात शाल पांघरली, ती नजर मायेचीसुद्धा नव्हती धड. ती भेदरलेली नजर होती. दारातून आत पाऊल टाकलं की त्या माणसाला आपली मरणारी बायको समोर उभी दिसायची, आणि आपणच तिला रोज उभी करत होतो. तिला नवऱ्याचा संताप आला, आणि त्याच वेळी त्याची इतकी कणव आली की तिनं खिडकीचा गज घट्ट धरला. सांगायचं होतं त्यांनी एकदा, असं ती पुटपुटली. नुसतं सांगायचं होतं.

आणि सुलूची शरम वाटली. जिला यात फोटो नको होता, तिला आपण चाळीस वर्षं हेच घालून गावभर मिरवलं.

उभ्या उभ्या तिचा हात सवयीनं वर गेला आणि पदर उजव्या खांद्यावर ओढला गेला. चारुलता बघत होती.

"हे पण त्यांचंच?" उषानं विचारलं. "पदर असा घ्यायच्या त्या?"

"पदर कुठला? ती पलंगावरून उठली असेल तर न." चारुलतानं स्वतःचे भरदार खांदे हलवून दाखवले. "आणि आमच्या खांद्यांवरून काही घसरत नाही, बघ न. तुझे अरुंद, तुला तो मोठा होतो, म्हणून तू ओढते. हे तुझं आहे, बाई. दुसऱ्या कुणाचं नाही."

उषा खुर्चीवर बसली. तिनं तो पदर सोडला, आणि पुन्हा ओढून बघितला.

दुपारी दोघींनी निहारिकाला बोलावून सांगितलं. पोरगी ऐकता ऐकता पांढरी पडली. दुकानात तसे ब्लाउज हारीनं टांगलेले, आणि दर्शनी काचेत पुतळ्याच्या अंगावर एक राखाडी.

"मग मी हे विकू कशी?" ती म्हणाली. "माझ्या आजीचे... मतलब त्या आजीचे... आजारपणाचे कपडे?"

"विक न," चारुलता म्हणाली. "आपली चीज फॅशनमध्ये आली म्हटल्यावर सुलू नाचली असती. फक्त त्या पुतळ्याचं मला बघू दे." ती दुकानात गेली, काचेमागचा पुतळा बाहेर घेतला, कात्री मागितली आणि ज्या बाह्या तिच्या हातांनी कधी काळी जोडल्या होत्या तशाच त्या बाह्या खांद्याशी कापून टाकल्या. गळाही उतरवला. बटणं राहू दिली. राखाडीच्या खाली तिनं स्वतःची डाळिंबी साडी नेसवली. रुंद खांद्यांचा तो पुतळा एकदम मोकळा दिसू लागला. उषा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिला वाटलं, आज पहिल्यांदा आपण हिला समोरून बघतोय.

मग ती निहारिकाला म्हणाली, "माझं माप घे."

"तुझा ब्लाउज आणला आहे?"

"नाही. अंगावर घे."

निहारिकानं टेप लावली. खांदा, पाठ, दंड. उषा शहारली, तिच्या या खांद्यांचं माप उज्जैनीत कुणी घेतलं नव्हतं. "बाही कशी ठेवू, आजी?"

या वेळी उषाला विचार करावा लागला नाही. "फुग्याची. पोपटी कापड आहे का तुझ्याकडे?"

"फुग्याची?" निहारिकाच्या डोळ्यांत पाणी होतं तरी ती हसली. "अगं, तीच तर आता चालू आहे सगळीकडे."

"असू दे चालू," उषा म्हणाली. "मी तिच्या आधीपासून आहे."

अक्षय तृतीयेला सकाळी तिनं तो ब्लाउज देवघरात टाकापुढे ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं. दर वेळचा प्रश्न ओठांवर आला होता, तो तिनं गिळला. त्या इवल्याशा चांदीच्या बाईला ती एवढंच म्हणाली, "हा माझा आहे. तुझा तिकडे दुकानात आहे."

दुकानापुढे ही गर्दी. पोपटी ब्लाउजातली उषा पाहून माधव नगरातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काकूंचं या वयात काय हे, असं कुणीतरी कुजबुजलं, आणि कुणीतरी लगेच फोटोही काढला. फीत कापून झाल्यावर खांद्यावर बटणं लावलेल्या पोरींनी तिला वेढलं. "दादी, वो पल्लूवाला करके दिखाओ न."

तिनं काही ठरवलं नाही. हात आपसूक वर गेला, पदर मागून आला, खांद्यावर पोचला. ब्लाउज जागच्या जागी होता. सावरायला काही नव्हतं. हात तरी तिथंच राहिला, आणि तळव्याखाली तिला स्वतःच्या खांद्याचं हाड लागलं. बारीक, अरुंद, ऊन. काचेमागे डाळिंबी साडीतली ती उभी होती.

मंदार गर्दीतून वाट काढत आला. तिला तसं उभं पाहून तो थबकला. वडिलांसारखाच थबकला. जवळ येऊन त्यानं तिच्या दंडाला, त्या पोपटी फुग्याला, नुसता हात लावला.

"आई," त्यानं विचारलं, "थंडी तर नाही न वाजत तुला?"

वैशाखाचं ऊन रस्त्यावर पेटलं होतं. उषानं मुलाच्या डोळ्यांत पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. तिच्या अंगावरून पलीकडे कुठंही नाही.

"नाही रे," ती म्हणाली. "मला गरम होतंय. खूप गरम होतंय."